शोधनिबंधाचा जाब कोण देणार?

चॅटजीपीटी 2022च्या नोव्हेंबरअखेर लोकांच्या हाती आलं आणि दोनेक महिन्यांतच काही शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून त्याचं नाव दिसू लागलं. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने जानेवारी 2023मध्येच ती वाट बंद केली. एआयला लेखक मानणार नाही आणि त्याची मदत घेतली असेल, तर तशी नोंद निबंधात करा, असं त्यांनी सांगितलं. ‘सायन्स’ने तर एआयने लिहिलेला मजकूरच नाकारला, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वापर उघड करण्याच्या अटीवर ही बंदी सैल केली.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकाला चार कसोट्या लावते: संशोधनात भरीव वाटा, मसुद्याचं लेखन किंवा चिकित्सक तपासणी, अंतिम मजकुराला संमती आणि छापलेल्या कामाची जबाबदारी. यंत्र अडतं ते या चौथीपाशी. आकडे खोटे निघाले, तर खुलासा मागायचा कोणाकडे? यंत्र हितसंबंध जाहीर करू शकत नाही, कॉपीराइटच्या करारावर सही करू शकत नाही.

नुसती नोंद पुरत नाही, हे फेब्रुवारी 2024मध्ये दिसलं. ‘फ्रंटिअर्स’च्या एका नियतकालिकात उंदराचं प्रमाणाबाहेरच्या अवयवांचं, निरर्थक शब्दांनी भरलेलं चित्र छापून आलं. ते मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयने काढल्याचं लेखकांनी निबंधात सांगितलंही होतं. एका परीक्षकाने आकृत्यांवर आक्षेप घेतला होता. लेखकांनी दखल घेतली नाही आणि निबंध तसाच पुढे गेला. काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला.

मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत निबंध लिहिणाऱ्या संशोधकासाठी प्रकाशकांच्या या नियमांतला एक मुद्दा फार मोलाचा आहे. निबंध लेखकाचाच असेल आणि एआयने फक्त व्याकरण, वाक्यरचना सुधारली असेल, तर स्प्रिंगर नेचर हा प्रकाशक त्याची नोंद मागत नाही. मला हे न्याय्य वाटतं. पैसेवाल्या प्रयोगशाळा भाषा-संपादक नेमतच आल्या आहेत. एल्सेव्हिअर मात्र लेखनात एआयची मदत घेतल्यास वेगळं निवेदन मागतं. म्हणून निबंध पाठवण्याआधी त्या-त्या नियतकालिकाच्या सूचना वाचायलाच हव्यात.

संपादकांनी आणि विद्यापीठांनी एआय-शोधक सॉफ्टवेअरच्या निकालावर कुणाला दोषी ठरवू नये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023मध्ये अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक त्यांनी यंत्राचे ठरवले. अशा निकालावर एखाद्याची पीएचडी अडवणं हा उघड अन्याय आहे. संशय आलाच, तर विद्यार्थ्याला समोर बसवा, मसुदे आणि नोंदवह्या मागा, विदा कुठून आली ते विचारा.