खेळणाऱ्याचे ऐकणारे कारागीर



पैठणचे नाव निघाले की मागावरची पैठणी डोळ्यांसमोर उभी राहते. पदरावर मोर हवा की कमळ, काठ केवढा, रंग कोणता, हे विणकर गिऱ्हाइकाला विचारतो आणि मग धोटा हाती घेतो. कारागीर आणि गिऱ्हाईक समोरासमोर असतात, म्हणून तेथे ऐकून घेतले जाते. आज आम्ही अशाच काही कारागिरांची ओळख करून देणार आहोत. फरक एवढाच की त्यांचा माग म्हणजे संगणक, आणि ते तयार करतात ते मोबाईलवरचे व संगणकावरचे खेळ.

'गेम' हा शब्द ऐकताच घरोघरच्या आई-बापांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्ही जाणतो. दिवसभर एमआयडीसीत किंवा उसाच्या फडात राबून घरी यावे, तर पोरगा मोबाईलमध्ये मान घालून बसलेला! राग येणारच. पण सगळे खेळ एका माळेचे मणी नाहीत. काही खेळांचा डोळा फक्त आपल्या खिशावर असतो. काही खेळ मात्र अशा माणसांनी बनविलेले असतात, जी खेळणाऱ्याला माणूस समजतात. हा फरक पोरांना कळावा आणि आपल्यालाही कळावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या ओळखीचे उदाहरण आधी घेऊ. 'लुडो किंग' कुणाच्या मोबाईलवर नाही? हा खेळ २०१६ साली आला, तो आपल्याच राज्यातून, नवी मुंबईतून. विकास जयस्वाल हे मूळचे पाटण्याचे. त्यांनी थोड्या माणसांना हाताशी धरून तो तयार केला. २०२० च्या टाळेबंदीत कुणी गावी अडकले, कुणी शहरात. एकाच घरातली माणसे चार ठिकाणी बसून सोंगट्या हलवू लागली. नुसत्या सोंगट्या हलवून मन भरेना; खेळता खेळता एकमेकांशी बोलता यावे, ही खेळणाऱ्यांची मागणी होती. त्याच वर्षी खेळात बोलण्याची सोय झाली. पुण्यातली बहीण आणि पैठणमधला भाऊ डाव मोडता मोडता भांडू लागले, हसू लागले. खेळ फुकट आहे, जाहिराती मात्र पाहाव्या लागतात, हेही सांगितले पाहिजे.

दुसरे उदाहरण पुण्याचे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांनी 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही छोटी संस्था काढली आणि 'राजी' नावाचा खेळ करायला घेतला. राजी ही एक मुलगी. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला ती निघते. कथा देवी-असुरांची आहे; ती कुणाला पटो वा न पटो, त्यामागचे कष्ट पाहण्यासारखे आहेत. २०१७ साली त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली, पण ठरविलेली रक्कम जमली नाही. पुढे काम चालू ठेवण्यासाठी अविचल सिंग यांनी राहता फ्लॅट विकला. २०२० साली खेळ बाजारात आला आणि जगातल्या नव्या स्वतंत्र खेळांच्या पुरस्कारासाठी त्याचे नामांकनही झाले.

पण कौतुकाबरोबर तक्रारीही आल्या. लढाईत सफाई नाही, भारतातली कथा असून पात्रे इंग्रजीत बोलतात आणि तेही कानाला खटकते. माल तर विकला गेला होता. कान बंद करून बसता आले असते. त्यांनी तसे केले नाही. २०२२ साली सुधारलेली आवृत्ती आली. लढाईचा भाग सुधारला होता आणि पात्रे हिंदीतही बोलू लागली होती. ज्यांनी आधी खेळ विकत घेतला होता, त्यांना ही सुधारणा फुकट मिळाली.

तिसरा कारागीर अमेरिकेतला, एरिक बॅरोन. हा एकटाच! चित्रे त्याची, संगीत त्याचे, संगणकाचे सारे कामही त्याचे. चार वर्षांहून अधिक काळ राबून त्याने २०१६ साली 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ आणला. आजोबांच्या पडीक रानात पेरायचे, पाणी द्यायचे, गावातल्या माणसांशी ओळखी करायच्या. मित्रांबरोबर मिळून शेती करता यावी, असे खेळणारे म्हणत होते. २०१८ साली ती सोय झाली. त्यानंतरही तो भर घालीतच राहिला. २०२४ अखेर खेळाच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. तरीही नव्या भरीसाठी जन्मात पैसे घेणार नाही, असे त्याने त्याच वर्षी आपल्या घराण्याची शपथ घेऊन जाहीर केले.

ऐकणे म्हणजे हो ला हो करणे नव्हे. दहा जण दहा गोष्टी मागतात. सगळ्या पुरवायच्या तर खेळाची खिचडी होईल. पण म्हणणे समजून घेणे, चूक असेल तर ती दुरुस्त करणे, एवढी माणुसकी यांनी दाखविली. ज्यांचे म्हणणे कचेरीच्या खिडकीवर कुणी धड ऐकून घेत नाही, त्या आपल्यासारख्यांना या गोष्टीची किंमत अधिक कळावी.

आता उलट बाजू. जिंकण्यासाठी पैसे लावा म्हणणाऱ्या खेळांनी कितीतरी घरे कर्जात लोटली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तरी सावध राहिलेच पाहिजे. मुलाच्या मोबाईलवर नवा खेळ दिसला तर ओरडण्याआधी शेजारी बसून विचारा : यात पैसे कुठे मागतात? खेळ बंद केला की परत ओढून आणायला काय काय आमिषे दाखवितात? लोकांच्या तक्रारींवर बनविणाऱ्याने काही केले का? पोरगा सांगेल, आणि सांगता सांगता स्वतःही विचार करील.

आणि मुला-मुलींनो, खेळ आवडला तर बनविणाऱ्याला दोन ओळी कळवा. दोष असेल तर शिवी न देता नीट लिहा : मोबाईल कोणता, खेळ कोठे अडला, त्या वेळी काय केले होते. मराठीत लिहिले तरी चालेल. मराठीत खेळ मागणारे आहेत हे तरी त्यांना कळू द्या. आपले म्हणणे मुद्देसूद मांडण्याची ही सवय पुढे शाळेत, कारखान्यात, कचेरीतही उपयोगी पडेल. आणि कुणास ठाऊक, उद्या आपल्याच वस्तीतली एखादी पोरगी संगणक शिकून खेळ तयार करील. तिने खेळणाऱ्यांचे ऐकावे, एवढे आतापासूनच तिला शिकवून ठेवू या.