वही जपणारी माणसं

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाची जुनी वही भिजली. कुणाची बचत किती, यावरून दोन बैठका वादात गेल्या. नोंद लिहिण्याइतकंच ती जपणं मोठं, हे तेव्हा पटलं.

शास्त्रज्ञांचंही तसंच. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं लिहिली जात. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यामुळे मोठं चुंबकीय वादळ झालं, तेही तिथे आकड्यांत उतरलं. पुढे विजेच्या ट्राममुळे मोजणी बिघडू नये म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं. जुन्या नोंदी मात्र जपल्या. म्हणूनच २००३ मध्ये शास्त्रज्ञांना त्या वादळाचा जोर काढता आला. असं वादळ आज झालं तर वीज जाऊ शकते, उपग्रह बिघडू शकतात. म्हणून तो आकडा मोलाचा.

जपणं म्हणजे नुसतं कपाटात ठेवणं नव्हे. आकडा कशाचा, कधीचा, कोणत्या यंत्राचा हे सोबत लिहायचं, प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, जुनं नव्या संगणकात उतरवायचं.

आता आमच्या वहीची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असते. तुमची कुठे आहे?