मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील शीडनौकाप्रवास

शिडाच्या लहान नौकेतच राहून, किनाऱ्याकिनाऱ्याने मुक्काम करीत केलेले हौशी पर्यटन. या किनाऱ्यावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून व कॅनडातून दर हिवाळ्यात अनेक नौका येतात. पूर्व पॅसिफिकमधील चक्री वादळांचा मोसम १५ मे ते ३० नोव्हेंबर मानला जातो. म्हणून बहुतेक नौका ऑक्टोबरअखेरीनंतरच दक्षिणेकडे निघतात. सान डिएगो ते काबो सान लुकास हे सु. १,३९० किमी. अंतर वायव्य वाऱ्यांमुळे जाताना सुकर, तर परतताना कष्टाचे होते. ‘बाहा हाहा’ ही या मार्गावरील सामुदायिक सफर १९९४ मध्ये सुरू झाली.

नौका नांगरून ठेवण्याची जागा म्हणजे नांगरस्थान. ते सर्व वाऱ्यांत सारखेच सुरक्षित नसते. कोणत्या दिशेला जमिनीचा आडोसा आहे, यावर त्याची उपयुक्तता ठरते. काबो सान लुकासच्या उपसागराला वायव्येकडून आडोसा आहे, परंतु आग्नेयेकडून तो उघडा आहे. डिसेंबर १९८२ मध्ये याच उघड्या बाजूने वादळ आले आणि तेथे दाटीने नांगरलेल्या वीसहून अधिक नौका किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. फ्रेंच नाविक बेर्नार म्वातेस्ये यांची ‘जोशुआ’ ही त्यांपैकीच एक होय.

कॅलिफोर्नियाच्या आखातात हिवाळ्यात उत्तरेचे जोरदार वारे वाहतात. ला पासजवळ वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्यात रात्री ‘कोरोमुएल’ हा नैर्ऋत्य वारा सुटतो. त्यामुळे एस्पिरितू सांतो बेटाच्या पश्चिमेकडील ज्या खाड्या उत्तरवाऱ्यात आसरा देतात, त्याच या वाऱ्यात त्रासदायक ठरतात. लोरेतोजवळील प्वेर्तो एस्कोंदिदो मात्र अरुंद मुखाचे व जवळजवळ सर्व बाजूंनी वेढलेले आहे. तथापि चक्री वादळात आडोशाचे बंदरही पुरे पडेलच असे नाही. सप्टेंबर २०१४ मधील ‘ओडील’ वादळात ला पास येथे अनेक नौकांची हानी झाली.

दक्षिणेस तेवांतेपेकच्या आखातात हिवाळ्यातील थंड हवा मेक्सिकोच्या आखाताकडून संयोगभूमीवरील डोंगरांच्या खिंडीतून वेगाने उतरते. हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्याने किनाऱ्यालगत लाटा वाढण्यास पुरेसे मोकळे पाणी मिळत नाही. खोल समुद्रात मात्र त्या उंच होतात. म्हणूनच अनुभवी नाविक वाऱ्याचा जोर ओसरेपर्यंत वातुल्को उपसागरांत थांबतात व नंतर शक्य तितके किनाऱ्याला धरून आखात ओलांडतात.