रोटरी इंजिनाची तब्येत कशी तपासायची?



पिस्टन खाली-वर होतो आणि गाडी चालते, हे आपल्याला माहीत आहे. पण जपानच्या माझदा कंपनीने १९६७ साली बाजारात आणलेल्या कॉस्मो स्पोर्ट गाडीच्या इंजिनात पिस्टनच नव्हता! त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरायचा. हेच रोटरी इंजिन. पुढे आरएक्स-७ आणि आरएक्स-८ या गाड्यांतही ते आलं. जुनी आरएक्स-७ घेऊन तिला मोठा टर्बो बसवणारे, हवा आत येण्याची दारं म्हणजे पोर्ट कोरून मोठे करणारे शौकीन बऱ्याच देशांत आहेत. अशी गाडी विकत घेताना बाहेरची चकाकी बघून भागत नाही. इंजिन आतून थकलेलं असेल तर ते पूर्ण उघडावं लागतं, आणि तो खर्च मोठा असतो.

दाब कोण अडवतो?

रोटरच्या तीन टोकांवर धातूच्या पट्ट्या असतात. त्यांना एपेक्स सील म्हणतात. रोटरच्या सपाट अंगांवर साइड सील असतात. रोटरच्या तीन बाजूंमुळे तीन कप्पे तयार होतात. एपेक्स सील म्हणजे दोन शेजारच्या घरांमधली सामाईक भिंत. ती पडली तर दोन्ही घरांचं नुकसान होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

एक आकडा का पुरत नाही?

नेहमीचा कॉम्प्रेशन गेज सर्वांत मोठा दाब धरून ठेवतो. पिस्टनला ते चालतं. इथे मात्र दोन कप्पे गळके आणि एक चांगला असला, तरी गेज चांगल्याचाच आकडा दाखवेल! म्हणून प्रत्येक कप्प्याचा वेगळा दाब दाखवणारं रोटरीचं खास यंत्र वापरतात.

तपासणी अशी करतात: इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण चार्ज हवी. पेट्रोल आणि ठिणगी बंद करायची, एक स्पार्क प्लग काढून तिथे यंत्र लावायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारायचा. शाफ्टच्या एका फेऱ्याला प्रत्येक रोटरकडून दाबाचा एक ठोका मिळतो. शाफ्ट मिनिटाला किती फेरे घेतोय तेही लिहायचं, कारण फेरे कमी तर दाबही कमी. म्हणून आकडे २५० फेऱ्यांच्या हिशेबात आणूनच तुलना करतात. आरएक्स-८ साठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८.५ किलो दाब उत्तम, आणि ६.९ च्या खाली गेला तर इंजिन नापास. एकाच रोटरच्या कप्प्यांत १.५ पेक्षा जास्त फरक नको.

आकडे काय सांगतात?

- दोन कमी, एक चांगला: सामाईक एपेक्स सीलवर संशय.
- एकच कमी: बहुधा त्या बाजूचा साइड सील.
- तिन्ही कमी: सर्वसाधारण झीज.

हा अंदाज आहे. खात्री इंजिन उघडल्यावरच होते.

बदल केलेल्या इंजिनात काय वेगळं?

पोर्ट मोठा केला की तो उशिरा बंद होतो. सेल मारताना वेग कमी असल्याने थोडी हवा मागे निसटते. म्हणजे निरोगी इंजिनाचा आकडाही थोडा खाली येऊ शकतो. अशा वेळी कंपनीच्या आकड्यापेक्षा तिन्ही कप्प्यांचा सारखेपणा जास्त बोलका असतो. पोर्टमुळे इंजिन आयडलला अडखळत चालतं, तो आवाज म्हणजे आजार नव्हे. उलट टर्बोचा दाब वाढवला आणि पेट्रोल कमी पडलं, तर नॉकिंग होऊन एपेक्स सील तुटतो. म्हणून मालकाला दोन प्रश्न विचाराच: पेट्रोलचं ट्यूनिंग कोणी केलं? आणि सीलला तेल पुरवणारा पंप काढला असेल, तर पेट्रोलमध्ये तेल मिसळता का?

गरम इंजिन पुन्हा चालू व्हायला कुरकुर करत असेल, तर दाब कमी असण्याची शक्यता मोठी. कूलंट सारखा कमी होत असेल, पांढरा धूर थांबत नसेल, तर पाण्याचे सील तपासायला हवेत.

स्वाध्याय

पुढच्या रोटरचे आकडे ७.६, ७.४, ७.५ आणि मागच्याचे ७.५, ५.१, ५.०. कोणता सील गेला असावा? तुम्ही ही गाडी घ्याल का? कारणासह वहीत लिहा.