दोनपण कुठे राहतं?

बैल मोजले तर दोन, बैलजोडी मोजली तर एक. समोरची जनावरं तीच, आकडा मात्र बदलला. मग संख्या नेमकी कशाची? येना विद्यापीठातल्या गोटलोब फ्रेगे यांनी 1884 च्या पुस्तकात पत्त्यांच्या जोडाबद्दल हेच विचारलं. त्यांचं उत्तर असं, की ज्या संकल्पनेखाली आपण मोजतो, तिच्याबद्दल संख्या काही सांगते. जॉर्ज बूल यांनी 1847 मध्ये तर्काला बीजगणिताचं रूप दिलं होतं. फ्रेगे यांना उलट, अंकगणितच तर्कावर उभं करायचं होतं.

त्या खटाटोपाच्या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड 1893 मध्ये निघाला. त्याच वर्षी मुंबईत भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची, म्हणजे न्यायशास्त्रातल्या संज्ञांच्या कोशाची, दुसरी आवृत्ती आली. आमच्या जळकोटहून सोलापूर गाठून विजापूरच्या रस्त्याला लागलं की झळकी लागते, आडनाव तिथलं. आपल्या या मुलखात गाव असलेल्या पंडिताचा कोश आणि फ्रेगे यांचा खंड एकाच वर्षाचे, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. कारण संख्या कशाची, हा प्रश्न न्यायशास्त्रालाही पडलेलाच होता.

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त संख्या हा चोवीस गुणांपैकी एक. ‘हा एक, हा एक’ अशी अपेक्षाबुद्धी, म्हणजे मोजणारी जाणीव, झाली की द्वित्व, म्हणजे दोनपण, उपजतं आणि ती सरली की तेही जातं. पण गुणात गुण राहत नाही, तरी ‘दोन रंग’ असं आपण म्हणतोच. नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींनी म्हणूनच संख्येला स्वतंत्र पदार्थ मानलं. नव्यन्यायाचा पर्याप्तिसंबंध तर फार बारकाईचा आहे. द्वित्व समवायाने, म्हणजे गुण वस्तूत राहतो त्या नात्याने, प्रत्येक बैलात असेल, पण पर्याप्तीने ते दोघांत मिळूनच असतं. एकट्या बैलाला ‘दोन’ म्हणता येत नाही. हार्वर्डच्या डॅनियल इंगल्स यांनी 1951 च्या ग्रंथात याचं फ्रेगे यांच्या विचाराशी साम्य दाखवलं.

16 जून 1902 रोजी बर्ट्रांड रसेल यांनी फ्रेगे यांना पत्र लिहिलं. जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सगळ्या संचांचा एक संच केला, तर तो स्वतःचा घटक आहे का? हो म्हटलं तर नाही, नाही म्हटलं तर हो. फ्रेगे यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापखान्यात होता. फ्रेगे यांनी आठवड्याच्या आत उत्तर देऊन घाव मान्य केला आणि खंडाला पुरवणी जोडली. एवढ्या सचोटीपुढे मान लवते.

रसेल यांनी पुढे प्रकारांच्या पायऱ्या आखून हा पेच सोडवला. जातीला (अनेक वस्तूंत राहणाऱ्या सामान्याला) पुन्हा जाती नसते, नाहीतर अनवस्था ओढवते, हे नैयायिक उदयनाचार्य फार आधी सांगून गेले होते. तरी ‘आमच्याकडे आधीच होतं’ हा दावा मला पटत नाही. उदयनाची भीती न संपणाऱ्या साखळीची होती, रसेलची विसंगतीची. शिवाय नैयायिकांनी चिन्हं घडवली नाहीत, सिद्धतांची रचना उभारली नाही. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या 1910 च्या खंडात एक अधिक एक म्हणजे दोन हे पुढे सिद्ध होईल, असा शेरा पान 379 वर येतो. इतकी सावकाश चाल आपल्याकडे कुणी चालली नाही. पण त्या चालीलाही मर्यादा होती. 1931 मध्ये कुर्ट ग्योडेल यांनी दाखवलं, की अंकगणित पेलणारी कोणतीही सुसंगत नियमबद्ध रचना अपुरीच राहते.

मराठीत हे दोन्ही प्रवाह वाईला एकत्र आले. नव्यन्यायात मुरलेले लक्ष्मणशास्त्री जोशी, कोलकात्याचे तर्कतीर्थ, मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक. त्यांच्या मागोमाग ती खुर्ची आली पाश्चात्त्य तर्कशास्त्राचे अभ्यासक मे. पुं. रेगे यांच्याकडे.