तगरची गाडीवाट, अकलूजची वाइन

तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली आहे. उंची वीतभरही नाही. तिची जवळची बहीण १९३८ साली थेट इटलीत, पाँपेईच्या राखेखाली सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती तिथल्या एका घरात होती. धाराशिवहून अर्ध्या-पाऊण तासावर असलेलं तेर आज गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं, गाव म्हणून ओळखलं जातं. पण तेरणेकाठच्या या पांढरीखाली जुनं तगर दडलंय. फ्लीट या विद्वानाने १९०१ साली तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिलं. शिलाहार राजे तर कोकणात राज्य करतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत.

पहिल्या शतकातल्या एका निनावी ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचं टिपण लिहून ठेवलं आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथून कापड, मलमल गाड्यांमधून भडोचच्या बंदरात येतं, हे त्यात आहे. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत पहिल्याच ओळींत वाइन येते. इटलीची जास्त खपते, मग सीरियाच्या लाओदिकेयाची आणि अरबस्तानची. राजासाठी उंची वाइन वेगळी आणावी, असा धंद्यातला सल्लाही तो देतो. म्हणजे आपलं कापड जायचं आणि त्यांची वाइन यायची. परतीच्या गाडीत बसून एखादा कुंभ तगरला पोचला असेल का, हे मी तेरला गेलो की दर वेळी मनाशी विचारतो. गावच कुंभारांच्या संताचं, तेव्हा रिकामा झालेला कुंभ इथे वाया नक्कीच गेला नसता.

तो व्यवहार थांबून शतकं लोटली. मग वाइनऐवजी ती करणारा इटालियन माणूसच इकडे आला. तो उतरला धाराशिवच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळच्या मोटेवाडीला.

मोटेवाडीत फ्रातेल्ली वाइनची इस्टेट आहे. ‘फ्रातेल्ली’ हा इटालियन शब्द, अर्थ भाऊ. आणि भाऊ खरोखरच आहेत, तीन जोड्या. अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, फ्लोरेन्सचे आंद्रेया आणि अलेस्सिओ सेक्की. जमीन एकाची, व्यापार दुसऱ्याचा, वाइनची जाण तिसऱ्याची, असा २००७च्या सुमारास जमलेला हा मेळ. सातवा माणूस भाऊबंदांपैकी नव्हता. तो पिएरो माझी, तोस्कानातल्या कियांती प्रांतात आयुष्य काढलेला वाइनकार. तिथल्या इझोले ए ओलेना आणि काझा सोला या द्राक्षमळ्यांत त्याचा हात तयार झाला होता. या सातांच्या नावाने पुढे इथल्या एका मानाच्या वाइनला ‘सेत्ते’, म्हणजे सात, हे नाव पडलं. सप्तर्षी म्हणायचा मोह होतो, पण सप्तर्षींना हे खपलं नसतं.

वाइनच्या द्राक्षांची लाखो कलमं फ्रान्सहून आली आणि मोटेवाडी, गारवाड, निमगाव या गावांच्या शिवारात मिळून सुमारे २४० एकरांवर लागली. कॅबर्ने सोविन्याँ, मर्लो, शिराझ, शार्डने, शेनिन ब्लांक ही नावं आता वाइन पिणाऱ्यांच्या तोंडात बसली आहेत. त्यांच्यासोबत एक नाव मात्र पिएरोच्या घरचं आहे, सांजोवेजे. कियांतीचा जीव या द्राक्षात असतो. सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर माहेरची पाठराखीण जावी तसं हे द्राक्ष त्याच्यासोबत आलं. ‘सेत्ते’मध्ये तेच कॅबर्नेच्या जोडीला असतं. २०१०च्या आसपास इथल्या पहिल्या बाटल्या बाजारात गेल्या.

आता आपल्याकडच्या बागायतदाराला हे सगळं कसं दिसत असेल? धाराशिव-तुळजापूरच्या माळरानावर द्राक्षबागा आहेत, सोलापुरात तर आहेतच. पण त्या बहुतेक खाण्याच्या द्राक्षांच्या. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडून वाढवलेल्या, त्याही बिनबियांच्या. खाण्याची द्राक्षं पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं सारं कसब मणी फुगवण्यात. विरळणी करायची, जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात घड बुडवायचे, मणी लांब, साल पातळ, दिसायला काचेसारखा. माल उतरतो तेव्हा व्यापारी आधी मण्याची जाडी मोजतो.

वाइनकाराला यातलं काहीच नको असतं. त्याला मणी हवा बारीक, साल जाड, आत बिया. रंग सालीत, वास सालीत, तुरटपणा साल आणि बियांत. नुसता रस म्हणजे गोड पाणी. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून तो वेलीवरचे घड मोजून ठेवतो, जादाचे हिरवेच कापून टाकतो. एकरी उतारा खाण्याच्या बागेपेक्षा कितीतरी कमी राहतो आणि तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. हातातोंडाशी आलेले घड जमिनीवर पडलेले बघणं हे द्राक्ष शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणणारं दृश्य आहे. गारपिटीशिवाय असं आपण कधी पाहिलेलं नसतं.

पाण्याचंही तसंच. ठिबक आहे, पण वेलीला पोटभर पाणी मिळत नाही. मण्यात पाणी उतरायला लागलं, काळ्या जातींनी रंग धरला, की ते आणखी आखडतं घेतात. वेल थोडी तहानलेली राहिली तर फुटवे काढायचं थांबवते आणि सगळी ताकद घडात घालते. मराठवाड्याच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. तहानेचा अनुभव आम्हालाही आहे, फक्त ती आम्हाला कुणी लिटरने मोजून दिलेली नाही. उसाचे पट्टे कॅनॉलचं पाणी पीत उभे आणि शेजारी ही वेलींची रोडकी रांग, हे चित्र अकलूजच्या रस्त्यावर पाहण्यासारखं आहे.

पिएरोला इथे आल्यावर खरी अडचण पडली असेल ती वेगळ्याच गोष्टीची. तोस्कानात हिवाळा वेलीला झोपवतो. पानं झडतात, छाटणी होते, वसंतात डोळे फुटतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोड. दख्खनची वेल झोपतच नाही. तिला माणसाने वर्षातून दोनदा कापावं लागतं. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी. तिच्यातून काडी तयार होते आणि पुढच्या घडाचं बीज त्याच काळात डोळ्यात धरतं. पावसाळा सरताना दुसरी, गोडी छाटणी. हिच्यातून फळ येतं. तारखा चुकल्या, पाऊस लांबला, की घड जिरतात किंवा केवडा आणि भुरी बागेत शिरतात. हे गणित तोस्कानात कुणी शिकवत नाही. ते अकलूज-नान्नजच्या गड्यांना तोंडपाठ असतं. तेव्हा इथे गुरुकिल्ली एकाच बाजूला नव्हती, असं मला वाटतं. एकाकडे तळघर होतं, दुसऱ्याकडे कात्री.

त्यामुळे इथली तोड जानेवारी ते मार्च या महिन्यांत येते. दिवसा ऊन चढतं, रात्री घोंगडी लागते. हा दिवसरात्रीतला फरक वाइनला मानवतो. गार रात्रीत द्राक्षातला आंबटपणा टिकतो आणि रंग गडद होतो. मात्र अकलूज नाशिकपेक्षा खालच्या, उष्ण पट्ट्यात आहे. ऊन वाढलं की साखर पळत सुटते आणि आंबटपणा घसरतो, पण बी अजून हिरवीच राहते. म्हणून हंगामात वाइनकाराचं मुख्य काम म्हणजे रांगांतून हिंडत द्राक्षं खाणं. ऐकायला ऐषारामी वाटतं. तो मणी दाबतो, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघतो. खाण्याच्या द्राक्षाला अठराच्या आसपास पुरतं, इथे बावीस ते चोवीस हवं. मग साल चघळतो, बी दाढेखाली फोडतो. बी तपकिरी, कुरकुरीत आणि भाजल्या शेंगदाण्याच्या अंगाने जाणारी लागली तर बाग तयार. हिरवट, जीभ ओढणारी लागली तर थांबायचं. यंत्र साखर सांगतं, बीचं काम जिभेलाच करावं लागतं. तोडीची तारीख ठरवणं हा वर्षाचा सर्वांत मोठा निर्णय आणि तो एकदाच घेता येतो.

तोड पहाटेच्या गारव्यात उरकावी लागते. ऊन तापलं की क्रेटमध्येच मणी फुटून आंबायला लागतात. माल आत आला की निवड, मग देठ काढणं. पांढऱ्या वाइनचा रस लगेच दाबून सालीवरून वेगळा करतात आणि गार टाकीत, पंधरा-सोळा अंशांच्या आसपास, सावकाश आंबवतात. तांबड्या वाइनला साल सोबतच ठेवतात. आंबायला लागलं की साली वर तरंगून जाड थर धरतात, तो खालच्या रसाने सारखा भिजवत राहायचा. साखरेचं मद्य होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा वायू जड, तळाशी बसतो. रिकाम्या टाकीत उतरण्यापूर्वी तपासणी न करणारा माणूस परत वर येत नाही. जुन्या विहिरीत कंदील सोडून बघायचे, तोच प्रकार. तेवीस ब्रिक्सच्या रसाची वाइन तेरा-साडेतेरा टक्क्यांवर येते. त्यातली निवडक तांबडी मग ओकच्या लाकडी पिंपांत जाते. एक पिंप २२५ लिटरचं, म्हणजे बरोबर तीनशे बाटल्या. लाकडातून थोडी थोडी उडून जाते, ती भरून काढावी लागते. एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्षं लागतात.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द आहे, दारू. दारू गाळतात. वाइन गाळत नाहीत, ती नुसती आंबते. भट्टी नाही, वाफ नाही. आणि आंबवलेल्या द्राक्षाशी आपली ओळख नवी नाही. धायटीची फुलं घालून, मडक्याचं तोंड लिंपून तयार होणारं द्राक्षासव आजीच्या फडताळात असायचं. दोन चमचे पाणी घालून ती ते घ्यायची आणि रात्री झोप छान लागते म्हणायची. त्यातही आंबण्यातूनच आलेलं मद्य असतं, हे तिला कुणी सांगायला गेलं नाही.

म्हणून वाइन निरुपद्रवी ठरते असं मात्र नाही. तेरा टक्के म्हणजे तेरा टक्केच. आणि शेतकऱ्यालाही ती सोपी गेली नाही. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइनपार्क काढले. शेतकऱ्यांनी उत्साहाने वाइनच्या जाती लावल्या. दहा वर्षं व्हायच्या आतच बाजार बसला आणि अनेकांनी त्या बागा उपटल्या. जानेवारी २०२२ मध्ये हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. एका बाजूने शेतकऱ्याचं भलं, दुसऱ्या बाजूने संसाराची राखरांगोळी. निर्णय अमलात आला नाही. मला दोन्ही बाजूंची भाषणं वाचून एकच वाटत राहिलं. वाइनची द्राक्षं पिकवणारा शेतकरी कराराशिवाय उघडा पडतो, कारण ही द्राक्षं बाजारात किलोवर खपत नाहीत. बारीक, बियांची, सालीची. हातगाडीवाला त्यांना हात लावणार नाही. मोटेवाडीत वेल आणि टाकी एकाच मालकीची आहे, हे तिथलं मोठं बळ. एकटादुकटा शेतकरी हे करू शकत नाही.

अकलूजला हे सगळं पचलं कसं, हाही प्रश्न आहे. नीरेकाठचं हे गाव साखरेचं आणि सहकाराचं. मोहिते-पाटलांचा कारखाना, लावणीच्या स्पर्धा, घोड्यांचा बाजार, किल्ल्यातली शिवसृष्टी. आणि आषाढात तुकोबांची पालखी इथे येते, अकलूजला गोल रिंगण होतं. अश्व धावतात, टाळकरी उड्या घेतात, टोपभर पिठलं शिजतं. त्याच दिवसांत थोड्या अंतरावरच्या मळ्यात खरड छाटणीनंतरची काडी हिरवीची तपकिरी होत असते. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. गावाला सवय आहे.

धाराशिवहून निघालात तर बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत अकलूज तीन तासांच्या आत-बाहेर येतं. जाण्याचा काळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, कारण तेव्हा टाक्यांत खळबळ चालू असते आणि सगळ्या आवाराला आंबलेल्या द्राक्षाचा वास असतो. एप्रिलनंतर मळ्यात छाटलेल्या काड्या आणि कडक ऊन याखेरीज फारसं काही दिसणार नाही. मळा आणि तळघर बघायचं, राहायचं तर आधी कळवून जावं. चव घेणाऱ्याने गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी. बाटली घेतलीत तर मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत ठेवू नका, बार्शी येईपर्यंत तिचा काढा होतो.

आणि परतताना वेळ असेल तर तेरला वळा. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ पाहा. मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावं, मागची अर्धगोल भिंत तसं अजून सुचवते. गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घ्या. मग गावातलं लामतुरे संग्रहालय उघडं असेल तर आत शिरा आणि काचेमागची सातवाहनकाळची मडकी जरा वाकून बघा.