कवडशाची भाषा

टोलनाक्यावर गाडी हळू होते, दांडा वर जातो आणि पैसे कापल्याचा मेसेज येतो. हे काम करणारं फास्टॅगचं स्टिकर काचेवर वर्षानुवर्षं चिकटलेलं असतं. त्याला कधी कुणी चार्ज केलंय? त्यात बॅटरीच नसते. पातळ धातूचा अँटेना आणि खसखशीच्या दाण्याएवढी चिप, एवढाच त्याचा संसार.

मग ते बोलतं कसं? लहानपणी आपण आरशाने भिंतीवर कवडसा नाचवायचो. उजेड सूर्याचा, आपण फक्त आरसा हलवायचो. नाक्यावरचं यंत्र रेडिओलहरी सोडतं, त्यांच्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि अँटेनाचा खटका भराभर उघडमीट करते. परतणारी लहर कधी जोरकस, कधी मंद. तेच एक आणि शून्य. एरवी संदेश धाडणाऱ्या रेडिओयंत्राची बरीचशी वीज स्वतःची लहर निर्माण करण्यात जाते. इथे तो खर्चच वाचतो.

युक्ती जुनी आहे. 1945 साली मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला सोव्हिएत मुलांनी लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. तिच्या पोटात सोव्हिएत संशोधक लेव तेरमेन यांनी रचलेलं, बिनबॅटरीचं हेरयंत्र होतं. बाहेरून लहरींचा झोत सोडला की खोलीतल्या बोलण्याने थरथरणारा पडदा परतणारी लहर बदलायचा. 1952 पर्यंत ते कुणाला सापडलं नाही!

2013 मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी श्याम गोल्लाकोटा आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. खास लहर सोडायचीही गरज नाही, हवेत आधीच असलेल्या टीव्हीच्या लहरी पुरतात, हे त्यांनी दाखवलं. 2016 मध्ये लहर परतवण्याच्या तत्त्वावर त्यांनी दहा हजारपट कमी विजेत वाय-फायचे संदेश धाडले. 2017 मध्ये आला बिनबॅटरीचा फोन. साडेतीन मायक्रोवॅटवर चालणाऱ्या या फोनवरून त्यांनी चक्क स्काइप कॉल केला.

मोबाइलच्या सहाव्या पिढीची, म्हणजे 6जीची, चर्चा वेगाभोवती फिरते. मला ही काटकसर अधिक मोलाची वाटते. द्राक्षबागेत ओलावा मोजणारी शंभर यंत्रं खोचली, तर त्यांच्या शंभर बॅटऱ्या बदलत कोण फिरणार? अडचण आहे ती अंतराची. परतणारी लहर क्षीण असते, लवकर विरते. तरी मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या 3जीपीपीने आता अशा यंत्रांचं काम हाती घेतलं आहे. आपल्या 6जी संशोधनाचा पैसाही वेगाइतकाच इकडे वळायला हवा.